आवाजावरील संस्कार

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्या एका दमात चढून जाणे साधत नाही. वाटेत दोन-तीनदा थांबावेच लागते. थांबण्याचे खरे कारण सांगण्याचा संकोच असल्यामुळे अशा वेळी प्रत्येक जण एकाएकी निसर्गप्रेमी बनतो. कोणी कुकडीच्या पात्राकडे बोट दाखवतो, कोणी शिवनेरी कोठे दिसतो ते शोधू लागतो. मला दूरचे तितके नीट दिसत नाही, म्हणून मी ऐकत उभा राहतो. आणि लेण्याद्री ही पाहण्याइतकीच ऐकण्याचीही जागा आहे असे माझे फार जुने मत आहे. पायथ्याच्या दुकानांतून ध्वनिवर्धकावर आरती चाललेली असते. ती निम्म्या डोंगरापर्यंत तुमची पाठ सोडत नाही. तिच्यातील झांज काच फुटावी तशी लख्ख ऐकू येते, गायकाचा श्वास ऐकू येतो, त्याच्या ‘स’काराची शीळ ऐकू येते, आणि ह्या सर्वांभोवती एक गुळगुळीत निनाद असतो, जणू तो गायक एखाद्या प्रचंड संगमरवरी दालनात उभा आहे. मग पायऱ्या संपतात, तुम्ही सातव्या लेण्यात पाऊल टाकता, आणि तेथे पंधरा-वीस माणसे तीच आरती म्हणत असतात. कोणाचा सूर कोणाला मिळालेला नसतो, टाळ मागेपुढे पडत असतात; आणि तरीही त्या काळ्या दगडाखाली तो बेसूर मेळा असा काही एकजीव होऊन कानी येतो की, खालची आरती कोणीतरी पुसून टाकल्यासारखी होते.

ह्या दोन आरत्यांत फरक कोणता, ह्याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत आलो आहे. यंत्राचा आवाज खोटा व माणसाचा खरा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझ्या वयाच्या लोकांत ते लोकप्रियही आहे. परंतु ते उत्तर टिकत नाही. कारण वरच्या आरतीवरही संस्कार झालेलाच असतो. तो दगडाने केलेला असतो, इतकेच.

ह्या डोंगरात सुमारे तीस लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांच्या दरम्यान ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली, आणि आज जेथे गिरिजात्मज गणपती बसला आहे ते सातवे लेणे म्हणजे मुळातला विहार होय. त्याचे सभागृह सुमारे 17 मीटर लांब व 15 मीटर रुंद असून एवढ्या विस्तारात मध्ये एकही खांब नाही. छत मात्र बसके, साडेतीन मीटरांच्या आतबाहेर. भोवती भिक्षूंच्या कोठड्या. शेजारचे सहावे लेणे हे चैत्यगृह. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त ह्याचे ते दान असल्याचा लेख तेथे आहे. ते अरुंद, उंच, कमानदार छताचे. आत दोहों बाजूंना खांबांची ओळ आणि शेवटी स्तूप. विहारात टाळी वाजवली तर ती पसरते. चैत्यात वाजवली तर ती वर चढते, आणि उतरून येईपर्यंत दुसरी वाजवण्याचा धीर होत नाही. चैत्यात कोणी भराभर बोलू लागला की मागचा शब्द पुढच्याच्या पाठीवर बसतो व अर्थ नाहीसा होतो. तेथे बोलायचे तर सावकाश, थांबत थांबत बोलावे लागते. ज्यांनी ते कोरले त्यांनी आवाजाचा हिशेब करून कोरले असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांनी तेथे पठण केले असेल त्यांना तो हिशेब करावाच लागला असेल.

हा हिशेब कागदावर प्रथम मांडला तो एका अध्यापकाने, ही गोष्ट आमच्या वर्गाच्या कीर्तीत भर घालणारी म्हणून येथे सांगून टाकतो. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह असे निघाले की, त्यात वक्त्याचे बोलणे श्रोत्यांना कळेना. (आमच्याकडे हा दोष सभागृहाचा मानण्याची पद्धत नाही, तो विद्यार्थ्यांचा मानतात.) वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण अध्यापकाकडे ते काम आले. तो रात्रीच्या रात्री जवळच्या नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या वाहून आणी, एका वेळी अमुक इतक्या मांडी, ऑर्गनची नळी वाजवून बंद करी, आणि आवाज ऐकू येईनासा होण्यास किती वेळ लागतो ते मोजी. रिकाम्या खोलीत तो साडेपाच सेकंद रेंगाळत असे. ह्या उद्योगातून त्याचा नियम निघाला. खोलीचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, त्याला 0.16 ने गुणावे, आणि भिंती, वस्तू व माणसे मिळून जेवढा आवाज पितात त्या मापाने भागावे. उत्तर येते ते निनादाचे सेकंद. दगड जवळजवळ काहीच पीत नाही. माणूस मात्र, अंगावरच्या कपड्यांसह, पुष्कळ पितो. एक माणूस सहा गाद्यांइतका, असे सेबाइनला आढळले होते.

ह्या नियमाने गणपतीच्या सभागृहाचा मी स्थूलमानाने हिशेब करून पाहिला. नऊशे घनमीटरांच्या जवळपास जागा. ती रिकामी असता निनाद चार सेकंदांच्या घरात जावा, आणि शंभर माणसे आत आली की तो दोनांवर यावा. आकडे काटेकोर नाहीत, पण त्यांचा रोख कानाला पटतो. चतुर्थीच्या गर्दीतली आरती आणि एरवीच्या सकाळची आरती ह्या एकाच जागी झालेल्या दोन निराळ्या आरत्या असतात. येथे आवाजावर संस्कार करणारे यंत्र म्हणजे दगड आणि भाविक मिळून झालेली गोष्ट आहे, व तिची कळ कोणा एकाच्या हाती नाही.

आता ज्यांची कळ हाती असते त्या यंत्रांकडे वळू. आमच्या गावच्या सप्ताहाच्या मंडळींनी मध्यंतरी ध्वनिवर्धकाचा नवा संच घ्यायचे ठरवले, आणि प्राध्यापक म्हटला की त्याला सर्व विषयांतले कळते ह्या समजुतीने मलाही पुण्याला बुधवार पेठेतील एका दुकानात नेले. दुकानदाराने एका भजनाची ध्वनिमुद्रिका लावली आणि तिच्या मार्गात एक काळी पेटी बसवली. पेटीवर एक बटण होते. ते दाबले की भजन उजळे, सोडले की मलूल होई. चार वेळा त्याने दाबले, चार वेळा सोडले, आणि प्रत्येक वेळी आमच्या मंडळींचे चेहरेही त्याबरोबर उजळत व मलूल होत गेले. मी त्याला विनंती केली की, बटण दाबल्यावर आवाजाची मुख्य कळ किंचित उतरवा, म्हणजे दोन्ही आवाज सारखे मोठे होतील, आणि मग पुन्हा ऐकवा. त्याने तसे केले. ह्या वेळी कोणाचाच चेहरा फारसा बदलला नाही. तो सज्जन होता, रागावला नाही. फक्त म्हणाला, “सर, असं कोणी ऐकत नाही.”

ते खरेच आहे. असे कोणी ऐकत नाही. कानाचा स्वभाव असा आहे की, तेच गाणे केसभर मोठे केले तर ते आपल्याला मोठे वाटत नाही, चांगले वाटते. फ्लेचर व मन्सन ह्यांनी 1933 साली दाखवून दिले की, आवाज लहान असता खर्ज व अतितार ही दोन्ही टोके कानाला कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ती भरून निघतात. म्हणजे नुसती कळ पिळली तरी गाणे भरदार व लखलखीत होते. पुष्कळशा पेट्यांची निम्मी किमया एवढीच असते. संकोचन करणारे यंत्र हेच अधिक सफाईने करते: मोठा आवाज दाबावा, लहान उचलावा, आणि मग सगळेच वर नेऊन ठेवावे. मराठी मैफलीत कुजबुज आणि आरोळी ह्यांमध्ये जो डोंगर-दऱ्यांचा प्रदेश असतो, तो ह्या यंत्रातून निघाला की पठार होतो.

उरलेली निम्मी किमया मात्र खरी आहे, आणि ती मनोरंजक आहे. 1975 साली अमेरिकेत अफेक्स कंपनीचे एक यंत्र निघाले. कथा अशी सांगतात की, घरी जोडलेल्या एका ध्वनिवर्धकाच्या एका बाजूची जोडणी चुकली; ती बाजू स्वतंत्रपणे ऐकवेना, परंतु चांगल्या बाजूत थोडीशी मिसळली तेव्हा गाणे एकदम जिवंत वाटू लागले. त्या चुकीचेच मग यंत्र करण्यात आले. आवाजाचा वरचा भाग वेगळा काढायचा, त्याला हेतुपुरस्सर थोडे विकृत करायचे, त्या विकृतीतून मुळात नसलेले उपस्वर जन्माला येतात, आणि ते चिमूटभर मूळ आवाजात कालवायचे. आरंभी हे यंत्र विकत मिळत नसे. भाड्याने मिळे, आणि तयार गाण्याच्या मिनिटामागे तीस डॉलर ह्या दराने त्याचे भाडे घेत. मीठ मिनिटावर विकल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे. पुढे बीबीई नावाचे दुसरे यंत्र आले. त्याचा मार्ग वेगळा: खर्ज व मधले स्वर निमिषभर मागे ठेवायचे आणि तार स्वर आधी सोडायचे, म्हणजे तबल्याची थाप किंवा ‘क’, ‘ट’ ही व्यंजने टोकदार होऊन कानी येतात. ह्याहून नवलाची तऱ्हा भ्रमणध्वनीच्या इवल्याशा कर्ण्यात वापरतात. ढोलकीचा खर्ज त्यातून निघूच शकत नाही. तेव्हा त्या खर्जाचे उपस्वर तेवढे वाढवून देतात, आणि खालचा स्वर आपला मेंदू पदरचा घालतो. जे वाजलेच नाही ते आपण ऐकतो.

मग ही सारी फसवणूक म्हणावी काय? मला तसे म्हणवत नाही, आणि त्याचे कारण तंबोरा आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. धागा नसताना तार एकदा वाजून कोरडी गप्प होते. धागा नेमक्या जागी आला की तार घोडीच्या पृष्ठभागाला घासत, निसटत कंप पावते, तिच्या कंपनातील शक्ती वरच्या उपस्वरांत वाटली जाते, आणि कोणी छेडला नसलेला गंधार खोलीत हिंडू लागतो. हीच जवारी. मुळात नसलेले काही तरी सूक्ष्म विकृतीने निर्माण करायचे व मुळात मिसळायचे, हे अफेक्सच्या यंत्राचे तत्त्व मिरजेचे शिकलगार दीडशेहून अधिक वर्षे पटाशी आणि कानस हाती घेऊन पाळीत आले आहेत. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आणि तंबोराच कशाला? लेण्याद्रीपासून नारायणगाव फार दूर नाही. पाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. तमाशातील मुख्य गाणारीने ओळ टाकली की तिचा शेवटचा स्वर मागे उभे असलेले सुरत्ये झेलतात आणि तुणतुण्याच्या साथीने लांबवीत नेतात. तिने श्वास घेतला तरी गाणे श्वास घेत नाही. पोवाड्यातील झीलकरी हेच करतात. उघड्या माळावर, जेथे आवाज परत पाठवण्यास एकही भिंत नाही, तेथे माणसांचीच भिंत उभी करून तिच्याकडून निनाद करवून घेण्याची ही युक्ती आहे. सहाव्या लेण्यात सुलसदत्ताच्या दगडाने जे केले, ते माळावर दोन-तीन सुरत्ये करतात.

म्हणून आवाजात भर घालणे हा माझ्या मते दोष नव्हेच. प्रश्न असा की, ती भर गाणाऱ्याला ऐकू येते का? तंबोरा गायकाच्या कानाशी असतो. जवारी उतरली की तो थांबतो व धागा सरकवतो. सुरत्यांचा स्वर पडला तर गाणारी मागे वळून पाहते, आणि तिच्या त्या पाहण्याचा अर्थ त्यांना चांगला समजतो. लेण्यात आरती म्हणणाऱ्याला दगड तत्काळ उत्तर देतो आणि त्याला आपली लय त्या उत्तराप्रमाणे ठेवावी लागते. येथे भर घालणारा आणि गाणारा एकमेकांना ऐकत असतात. यंत्राची पेटी मात्र मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, चहाच्या पेल्याशेजारी असते.

आमच्या सप्ताहातील एक अनुभव सांगतो. संच आला, आणि त्यासोबत एकोची सोयही आली. तंत्रज्ञ मुलगा उत्साही होता. महाराजांनी ‘विठ्ठल’ म्हटले की मांडवात तीन विठ्ठल होत, दुसरा पहिल्याहून मऊ आणि तिसरा दुसऱ्याहून मऊ. नामाला हे शोभले. पण नामानंतर निरूपण सुरू झाले, आणि महाराजांना आपल्या जागी स्वतःचा आवाज साधाच ऐकू येत असल्यामुळे ते नेहमीच्या वेगाने बोलत राहिले. चैत्यगृहाने त्यांना दुसऱ्याच वाक्याला थांबवले असते. येथे थांबवणारे कोणी नव्हते. पंधरा मिनिटे दृष्टान्तावर दृष्टान्त एकमेकांच्या अंगावर कोसळत होते, आणि मागच्या बायका मोठ्या भक्तिभावाने, एक अक्षर न कळता, ऐकत होत्या. शेवटी एका म्हाताऱ्याने उठून त्या मुलाला सांगितले, “बाळा, देवळात बसल्यासारखं वाटतंय खरं, पण भिंतीआड बसल्यासारखं वाटतंय.” ध्वनिशास्त्रावर ह्याहून नेमके वाक्य मी वाचलेले नाही.

पायथ्याच्या आरतीचीही गत हीच असते. ती ध्वनिमुद्रिका तयार करताना तिला कृत्रिम दालनाचा निनाद दिलेला असतो. तो घरच्या लहान खोलीत, पलंग-पडद्यांच्या संगतीत गोड लागतो. तीच एखाद्या दगडी देवळात वाजवली की एका दालनात दुसरे दालन कोंबले जाते. आता तर खऱ्या वास्तूंचा निनाद उचलून नेण्याचीही विद्या निघाली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2010 साली इस्तंबूलच्या हागिया सोफियात फुगे फोडून त्या स्फोटाचा निनाद टिपला, आणि पुढे कॅलिफोर्नियातील सभागृहात गाणाऱ्या मंडळीला तो गाता गाता ऐकवला. त्यांची मुद्रिका 2019 साली निघाली. गाणाऱ्यांना तो गातानाच ऐकवला, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट. त्यांनी आपली लय त्या अनुपस्थित घुमटाप्रमाणे सावकाश केली. लेण्याद्रीत कोणी फुगे फोडावेत असे मात्र मी सुचवीत नाही. पुरातत्त्व खात्याची संमती मिळेलही, माकडांची मिळणार नाही.

मिरवणुकांतील आवाजाच्या भिंतींविषयी मी लिहीत नाही. तो विषय कलेचा नसून बंदोबस्ताचा आहे, आणि त्याचे नियम 2000 सालीच झालेले आहेत.

प्रत्यक्ष गाण्याची गोष्ट एक वेळ सुधारता येते; कळ उतरवायला सांगणारा एखादा म्हातारा भेटतो. ध्वनिमुद्रणात गाणारा निघून गेलेला असतो. जुन्या तबकड्यांवर आज जे संस्कार चालतात ते ऐकताना मला हे फार जाणवते. विजेचे ध्वनिमुद्रण 1925 च्या सुमारास येण्यापूर्वी गायक कर्ण्यात तोंड घालून गात असत, आणि दोन-अडीच हजार कंपनांच्या वरचे तबकडीवर फारसे उतरतच नसे. त्या तबकडीतून खरखर काढण्यासाठी संगणकाला खरखरीचा एक नमुना दाखवतात आणि सांगतात, हा जेथे जेथे दिसेल तेथून वजा कर. आज्ञाधारक नोकराप्रमाणे तो वजा करतो. पण त्याला खरखर आणि श्वास ह्यांतील भेद पुरता कळत नाही, तंबोऱ्याच्या जवारीतला तर नाहीच. आणि वजाबाकी जास्त झाली की गायक पाण्याखालून गात असल्यासारखे बुडबुडे कानी येऊ लागतात. यंत्राच्या लेखी सतत व एकसारखा असेल तो आवाज म्हणजे केर. ज्या संगीताचा पायाच सतत व एकसारख्या आवाजावर घातलेला आहे, त्याची ह्या केरसुणीपुढे काय अवस्था व्हावी?

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घ्या. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ ह्यांनी पुणे जिल्ह्यातील व इतर ठिकाणच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार बेल ह्यांनी 1990 नंतरच्या दशकात त्यांतील अनेक ध्वनिमुद्रित केल्या, आणि 2017 पासून ‘पारी’ ह्या संग्रहाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. जेथे जात्यासह गाणे टिपले आहे तेथे जात्याची घरघर ऐकावी. ती ओवीखालचा तंबोरा आहे. दळणारीचा हात जेथे जड होतो तेथे शब्द लांबतो, वैरण टाकण्यास हात वळतो तेथे ओळ थांबते. घरघर काढली तर ओवी अशा जागी थांबत राहील जेथे थांबण्याचे काही कारण दिसत नाही.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही, कारण अशी एक ध्वनिफीत आमच्या घरी आहे. 1989 साली अक्काच्या यजमानांनी साध्या टेपरेकॉर्डरवर आईच्या नऊ ओव्या घेतल्या. त्या वेळी घरात पिठाची गिरणी वापरत असत. जाते केवळ हळद आणि डाळी भरडण्यापुरते उरले होते, आणि आई हे काय खुळ म्हणत हसत दळायला बसली होती. ते हसणेही फितीवर आहे. आता आई नाही, अक्काचे यजमान नाहीत. अक्काचा मुलगा पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करतो. त्याने फीत नेली व महिनाभराने मला बोलावले.

“मामा, जात्याचा आवाज पूर्ण काढला. आता नुसती आजी आहे.”

“पुरता काढलास?”

“तुम्हांला हवा असेल तर ठेवता येईल. किती टक्के ठेवू?”

त्याने ऐकवले. आई अगदी माझ्या खुर्चीजवळ बसून गात होती, गेल्या पस्तीस वर्षांत नव्हती इतकी जवळ. शब्द धुतल्यासारखे स्वच्छ होते. मात्र एका जागी मी त्याला थांबवले. आईच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि तिच्या ‘श’ला बारीकशी शीळ लागे, येथे ‘श’ एखाद्या निवेदिकेच्या ‘श’सारखा नितळ होता. मी विचारले, तर तो म्हणाला, “मामा, तो ‘श’ फितीवर नव्हताच. त्या मशीनने पाच-सहा हजारांच्या वरचं काही धरलंच नव्हतं. खालच्या आवाजावरून वरचा तयार केला.”

“म्हणजे हा आईचा ‘श’ नव्हे.”

“आजीच्याच आवाजातून काढलाय की.”

त्याचे म्हणणे त्याच्या शास्त्राप्रमाणे बरोबर होते. मी इंग्रजी काव्य शिकवतो, आणि भाषांतरावर पोट भरणाऱ्या विद्यार्थ्यांना आयुष्यभर पाहत आलो आहे; मला वाटले, हे भाषांतर आहे. चांगले आहे. मूळ कवीचा एकही शब्द त्यात नसून सर्व काही त्याच्याच शब्दांतून काढलेले आहे. भाषांतराला माझा विरोध नाही. मूळ प्रत रद्दीत जाऊ नये एवढाच माझा आग्रह असतो. त्याने मूळ फितीची न छेडलेली प्रत वेगळी ठेवली आहे, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले.

पण अक्काचे काय? अक्का सत्तरीच्या पुढे आहे आणि तिच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रे आहेत. ह्या लेखात ज्या पेट्यांची मी झडती घेतली त्या सर्व तिच्या कानामागे वालाच्या दाण्याएवढ्या जागेत बसवलेल्या आहेत: संकोचन आहे, तार स्वरांची वाढ आहे, सतत चालणाऱ्या आवाजाची वजाबाकी आहे. तिच्याबरोबर लेण्याद्रीला जावे तर गणपतीसमोर ती पहिल्यांदा यंत्रे काढून पदराला बांधते. कारण यंत्र दबलेला आवाज उचलते, आणि लेण्यात दबलेला आवाज म्हणजे निनादाचे शेपूट. तेच उचलले गेले की तिच्या कानांत नुसता कल्लोळ होतो. बासरीचा लांब स्वर तर तिच्या यंत्राला स्वतःचीच शीळ वाटते आणि ते तो दाबून टाकते. परंतु हीच यंत्रे नसतील तर ती नातवाशी चार शब्द बोलू शकत नाही. भर गाणाऱ्याच्या हाताशी असावी, असे वर मी म्हटले. अक्काच्या बाबतीत ती ऐकणारीच्या कानात आहे, आणि तेथे तिच्यावाचून गत्यंतर नाही.

मूळ फीत अक्काला गेली कित्येक वर्षे नुसती घरघर म्हणून ऐकू येई. भाच्याने धुतलेली प्रत लावली तेव्हा ती पलंगावर बसून होती. पहिल्या तीन ओव्या तिने डोळे मिटून ऐकल्या व ओठांनी म्हटल्या. चौथ्या ओवीला तिने हात वर केला. “पुन्हा लाव.” भाच्याने पुन्हा लावली. त्या ओवीत आईने अक्काचे लग्नापूर्वीचे नाव गुंफले होते. जात्याच्या आवाजाखाली ते दडलेले होते. ते मलाही कधी उमगले नव्हते, आणि तिला तर उमगण्याचा संभवच नव्हता. तिने ती ओवी पाच-सहा वेळा लावून घेतली.

नंतर म्हणाली, “जातं कुठं गेलं रे? हात न फिरवता आई गातेय कशी?”

भाच्याने मूळ प्रत लावली. तिने दोन्ही यंत्रे काढून उशीवर ठेवली, उठून टेबलाशी गेली, आणि ज्या लाकडी पेटीतून आवाज येत होता तिच्यावर तळहात ठेवून उभी राहिली. ऐकू काही येत नसावे. नववी ओवी संपल्यावर फितीवर आई हसते. तेथे आमच्यापैकी कोणी काही सांगण्याच्या आधीच तिने हात उचलला.